बाईंचं वळण

बाईंना अवतार दोनच प्रकारचे ठाऊक होते. एक विष्णूचे, आणि दुसरा सकाळी केस न विंचरता खाली येणाऱ्या पोराचा. तिसऱ्या प्रकाराशी त्यांची गाठ पडली ती साठी ओलांडल्यावर, नॉटिंगहॅमच्या एका युनिव्हर्सिटीत, शिक्षण विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवी विजार घातलेला, मिशीवाला, रुंद खांद्यांचा एक तरुण उभा होता, आणि तो म्हणजे त्या स्वतः, असं त्यांना सांगण्यात आलं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि मला म्हणाल्या, "अगं, काय हा माझा अवतार!"

तो अवतार त्यांनी कधीच बदलला नाही. कसा बदलायचा हे जेमीनं, म्हणजे आमच्या प्रोग्रामरनं, त्यांना अनेकदा दाखवलं. साडी नेसलेली एक बाईही त्यानं हौसेनं तयार केली. पण त्या साडीला निऱ्याच नव्हत्या, पदर पोटातून आरपार जात होता आणि चालताना पाय आधी आणि साडी मागून येत होती. बाई म्हणाल्या, "राहू दे रे बाबा. ह्यापेक्षा मिशी परवडली."

मी तेव्हा बाईंच्या हाताखाली रिसर्च असिस्टंट होते. पुण्याहून मास्टर्स करायला आले आणि त्यांच्या प्रोजेक्टमध्ये चिकटले. प्रोजेक्ट असा, की जेमीनं शाळकरी मुलांसाठी कॉम्प्युटरवर एक खेडं उभं केलं होतं. त्यात कालवा, पूल, बेकरी, चर्च, आणि लोकांना भाजीपाला लावायला कौन्सिल देते तसे वाफे. इथे त्याला अलॉटमेंट म्हणतात. कालव्याच्या एका बाजूला घेवडा तरारून यायचा आणि दुसऱ्या बाजूला माना टाकायचा. नऊ-दहा वर्षांची मुलं आपापले अवतार घेऊन ह्या खेड्यात शिरायची आणि असं का होतं ते शोधायची. पाणी बदलून बघा, खत बदलून बघा, ऊन-सावली बदलून बघा. शिकायचं एवढंच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणीही वाढवलं आणि खतही बदललं, तर घेवडा कशानं सुधारला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आमचं काम त्याच्या पुढचं होतं. मुलं ह्या खोट्या खेड्यात खरंच काही शिकतात का, आणि शिकली तर ते ओळखायचं कसं? पहिला प्रश्न सोपा वाटतो. दुसऱ्यापायी माणसं म्हातारी होतात, आणि बाई त्यातल्याच एक होत्या.

त्यांना बाई म्हणायला मीच सुरुवात केली. शाळेतल्या बाईंना आपण म्हणतो तसं, आपसूकच तोंडातून निघालं. विभागातल्या लोकांना वाटलं, हेच त्यांचं घरगुती नाव. मग सगळेच म्हणायला लागले, आणि इंग्रजी तोंडात 'बाई'चं 'बाय' झालं. रोज सकाळी कॉरिडॉरमध्ये "हॅलो, बाय!" असा गजर व्हायचा. नवीन आलेल्या एका पोस्टमनला वाटलं, ह्या बाईंना इथे कुणी थांबूच देत नाही.

बाई लग्न होऊन इंग्लंडला आल्या त्या इथल्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरांची बायको म्हणून. आल्या आल्या त्यांनी शाळेत गणित शिकवायला घेतलं. "आमच्या घरात एक जण लोकांना झोपवायचा आणि एक जण पोरांना जागं ठेवायचा," त्या सांगायच्या. "पगार अर्थात झोपवणाऱ्याला जास्त." डॉक्टर गेल्यावर शाळा सुटली, बाई पीएच.डी. करून युनिव्हर्सिटीत आल्या. पण वर्गाची सवय गेली नाही. प्रोफेसर मंडळींच्या मीटिंगमध्येसुद्धा कुणी कुजबुजलं तर बाई बोलणं थांबवून त्याच्याकडे बघत राहायच्या. तो माणूस कितीही मोठा असला तरी सरळ बसायचा.

जेमीशी त्यांचं भांडण कायमचं आणि प्रेमाचं. जेमीचा विश्वास लॉगवर. मुलानं कुठे पाऊल टाकलं, कुठे उभं राहिलं, कुठल्या बाजूला वळलं, काय उचललं, हे सगळं कॉम्प्युटर आपोआप नोंदवून ठेवायचा. "प्रत्येक क्लिक आहे माझ्याकडे," जेमी अभिमानानं म्हणायचा.

"पाय कुठे गेले ते तुला कळतं रे," बाई म्हणायच्या. "डोकं कुठे होतं?"

ते कळायला त्यांच्याकडे एकच उपाय होता. मुलाशेजारी जाऊन बसायचं. त्यासाठी त्यांनी पाटाएवढं बुटकं एक स्टूल मिळवलं होतं. शाळेत गेलं की मुलाच्या खुर्चीशेजारी ते मांडून बाई त्याच्यावर बसायच्या, म्हणजे त्यांचं डोकं मुलाच्या खांद्याच्या खाली यायचं. "वरून बघितलं की पोरं परीक्षा देतात. खालून बघितलं की आपल्यालाच शिकवतात," असं त्यांचं म्हणणं. उठताना मात्र दोन मुलं आणि एक टीचर लागायची.

मुलाखत घ्यायचीही त्यांची स्वतःची रीत होती. मुलाला 'का' विचारायचं नाही. का म्हटलं की मूल घाबरून काहीतरी शहाणपणाचं उत्तर तयार करतं. त्यापेक्षा बाई नुसतं "मग?" म्हणायच्या. मूल सांगायचं, मी पाणी घातलं. "मग?" मग घेवडा पिवळा पडला. "मग?" मग मी सगळं परत पहिल्यासारखं केलं. इंग्रजी मुलांशी बोलतानाही तो शब्द तोंडातून मराठीच निघायचा आणि मुलांना त्याचं काही वाटायचं नाही. वाटलं ते आमची रेकॉर्डिंग उतरवून देणाऱ्या कंपनीला. तिथल्या माणसानं इमानेइतबारे प्रत्येक ठिकाणी 'mug' लिहिलं. पानंच्या पानं. मूल घेवड्याबद्दल काहीतरी मोलाचं सांगतंय आणि संशोधक त्याच्याकडे सारखा कप मागतोय. आमचा पहिला लेख तपासणाऱ्यानं अभिप्रायात फार सभ्यपणे विचारलं होतं, की अभ्यासातली कपाची भूमिका जरा स्पष्ट करता येईल का?

पण बाईंची खरी कीर्ती झाली ती कालव्यामुळे.

मुलं ऑनलाइन असताना त्यांच्याशी तिथेच, खेड्यातच, अवतार होऊन बोलावं असं ठरलं होतं. बाई हिरव्या विजारीत, विद्यार्थ्यांच्यातलंच एक लॉगिन घेऊन खेड्यात शिरल्या. बाणाची बटणं दाबून चालायचं असतं हे त्यांना पटलं होतं, पण थांबायचं कसं ते पटलं नव्हतं. बेकरीवरून, पुलावरून, पुलाच्या कठड्यावरून त्या थेट कालव्यात गेल्या आणि तळाशी जाऊन उभ्या राहिल्या. जेमीनं पाण्यात बुडायची सोय केलेली नव्हती, त्यामुळे जीव शाबूत होता. पण बाहेर यायचीही सोय केलेली नव्हती.

"जेमी, मी खाली आहे," बाई ह्या खोलीतून ओरडल्या.

"रीस्टार्ट करा!" जेमी त्या खोलीतून.

"नको. इथे बरं आहे. शांत आहे."

मग त्या रोज तिथेच जाऊन उभ्या राहायला लागल्या. कीबोर्डवर हात ठेवायचीही गरज नव्हती, म्हणून चिवड्याचा डबा तिथे ठेवायच्या. थोड्याच दिवसांत खेड्यातल्या मुलांमध्ये बातमी पसरली, की कालव्याच्या तळाशी एक मिशीवाला उभा असतो आणि तो कशालाच नाही म्हणत नाही. मुलं पुलावरून धडाधड उड्या मारून खाली यायला लागली. वर घेवड्याच्या वाफ्यापाशी विचारलं तर 'आय डोन्ट नो' म्हणणारी मुलं पाण्याखाली भडाभडा बोलायची. आपण घेवड्यावर बेकरीतला पाव टाकून बघितला, मैत्रिणीचं उत्तर चोरलं, टीचर म्हणतात ते पटत नाही, सगळं. आमच्या साऱ्या प्रोजेक्टमधल्या उत्तम मुलाखती कालव्याच्या तळाशी झालेल्या आहेत. लेखात ते लिहिताना मला 'अनौपचारिक वातावरणात' असे शब्द वापरावे लागले.

आता दोन अक्षरांकडे येते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांनीच घातला.

मूल शिकलं की नाही हे ठरवायला बाईंनी दोन खुणा केल्या होत्या. के आणि व्ही. के म्हणजे कळलं, व्ही म्हणजे वळलं. 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची' असं मुलानं तोंडानं सांगितलं, की के. कुणी आठवण न करता, आपणहून, घेवड्यासमोर उभं राहून त्यानं खरोखरच एकच गोष्ट बदलली, की व्ही. के सगळ्यांनाच मिळायचा. व्हीसाठी आम्ही तासन्‌तास स्टुलावर बसायचो.

ही गोष्ट बाईंनी सगळ्या टीमला मीटिंगमध्ये समजावली होती. "आमच्यात म्हणतात, कळतं पण वळत नाही," त्या म्हणाल्या. मग थांबून सगळ्यांकडे बघितलं. "बिस्किटं तब्येतीला वाईट हे इथे कुणाला माहीत नाही?" सगळ्यांचे हात बशीवरून मागे आले. "माहीत आहे, तो झाला के. आता मागे आलात, पण मी बोलले म्हणून. म्हणजे व्ही नाहीच." त्यानंतर विभागात के आणि व्ही बोलीभाषेत शिरले. आमच्या हेड मार्गारेटसुद्धा नवऱ्याबद्दल "ऑल के, नो व्ही" असं म्हणायच्या.

त्या मीटिंगला एकच माणूस नव्हता. जेमीला नुकती मुलगी झाली होती आणि तो रजेवर होता.

प्रोजेक्टचे पैसे एक ट्रस्ट द्यायची. मुदत संपत आली होती आणि पुढचे पैसे द्यायचे की नाही हे ठरायचं होतं. न मिळाले तर प्रोजेक्ट बंद, बाईंची खोली दुसऱ्या कुणाला आणि माझा व्हिसा पुण्याकडे तोंड करून उभा. ट्रस्टनं विचारलं, तुम्ही शेजारी बसून पाहिलेली मुलं मूठभर आहेत, सगळ्या मुलांचा व्ही दाखवता का? हे पत्र आलं तेव्हा बाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून डोळ्याला पट्टी बांधून घरी होत्या आणि मी बहिणीच्या लग्नाला पुण्यात मांडवात होते. मार्गारेटनी जेमीला सांगितलं, लॉगमधून सगळ्यांचा व्ही काढ.

जेमी तसा प्रामाणिक. व्ही म्हणजे 'वला' का 'वल्ला' असं काहीतरी आहे एवढं त्यानं ऐकलं होतं, म्हणून अर्थ विचारायला तो त्याच्या ओळखीच्या एकमेव मराठी माणसाकडे गेला. हा माणूस दर गुरुवारी त्याच्याशी बॅडमिंटन खेळायचा. इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला, पेशानं डोळ्यांचे नंबर काढून देणारा. नाव निखिल. बाईंचा मुलगा.

निखिलनं क्षणभरही विचार केला नाही. "टर्न," तो म्हणाला. "डेफिनेटली टर्न."

जेमीला फार आनंद झाला. कोण कुठे वळलं ह्याची नोंद लॉगमध्ये होतीच. त्यानं प्रत्येक मूल खेड्यात किती वेळा वळलं ते मोजलं, आलेख काढला, आणि आलेख असा देखणा निघाला की मार्गारेटनी तो रिपोर्टच्या पहिल्याच पानावर टाकला. जास्त वळणाऱ्या मुलांचा घेवडा खरोखर थोडा बरा आला होता. का ते समजणं अवघड नाही, चौकस मूल इकडेतिकडे बघतं, आणि बघायला वळावं लागतं. ट्रस्ट तर खूश झाली. म्हणाली, आमच्या लोकांना प्रत्यक्ष येऊन सांगा.

मी परत आले तेव्हा मला वाटलं, जेमीनं लॉगमधून खरोखरचा व्ही काढायची काही युक्ती शोधली. बाईंना पडद्याकडे बघायची बंदी होती. "यंत्राला जमलं म्हणतोय तर बघू या एकदा," एवढंच म्हणाल्या. मात्र लंडनला जायच्या आदल्या आठवड्यात पट्टी निघाली आणि त्यांनी फर्मान काढलं, की नुसता आलेख दाखवायचा नाही, एक मूल दाखवायचं. ज्याचा व्ही सगळ्यात जास्त, ते.

जेमीनं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर जांभळ्या फ्रॉकमधली एक मुलगी आली. घेवड्याच्या वाफ्याशी उभी राहिली आणि गरागरा फिरायला लागली. तिचा फ्रॉक छत्रीसारखा वर उडाला. ती थांबली, फ्रॉक खाली आला. पुन्हा फिरली. तास संपेपर्यंत तिनं दुसरं काहीही केलं नाही.

"हिनं काय बदललं?" बाईंनी विचारलं.

"दिशा," जेमी म्हणाला.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. जेमी सरळ बसला.

"आणि ही पहिली?"

"दुसरी," जेमी जरा चाचरत म्हणाला. "पहिला नंबर एका मुलाचा आहे. पण त्याचं काही समजत नाही. तो कालव्याच्या तळाशी आहे. लॉगमध्ये नुसतं विद्यार्थ्याचं लॉगिन दिसतं. कित्येक दिवस सलग स्वतःभोवती फिरतोय."

चिवड्याचा डबा बाणाच्या बटणावर असायचा. आमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये सर्वांत जास्त शिकलेली विद्यार्थिनी म्हणजे बाई होत्या.

मी हसायला लागले. हसता हसता मला व्हिसा आठवला आणि हसू मधेच अडकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी जेमीला शांतपणे विचारलं, "वळणं म्हणजे टर्न, हे तुला कुणी सांगितलं?" जेमीनं सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"निखिल, वळलं म्हणजे काय रे?"

"टर्न ना? तू गाडीत बसली की सारखी बोलते, वळ, वळ, आता वळ, गेलं ना वळण! मला तर तोच मीनिंग माहीत आहे." मग म्हणाला, "का? आई, माझा चूक झाला का?"

"माझी चूक," बाई सवयीनं म्हणाल्या.

"नो, नो, तुझी नाही. माझा."

बाईंनी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. मग म्हणाल्या, "नाही रे राजा. माझीच." आणि फोन ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जगभरच्या पोरांना वळलं की नाही ते बघत हिंडले. घरच्याला शब्दसुद्धा पोचला नाही बघ." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. ऑपरेशनचं आहे म्हणाल्या, आणि मी ते मान्य केलं.

मार्गारेटनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना नाही म्हणायचं असलं की त्या 'इंटरेस्टिंग' म्हणतात, आणि त्या दिवशी त्या लागोपाठ तीनदा 'इंटरेस्टिंग' म्हणाल्या. मग त्यांनी सुचवलं, की फिरणारी मुलगी आणि कालव्यातले गृहस्थ आकड्यांतून काढून टाकू. उरलेल्याला व्ही न म्हणता दिशाभान म्हणू. आलेख राहील, कुणाला खोटंही सांगितलं नाही. हा एक प्राथमिक स्वरूपाचा शोध, असं मांडता येईल.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, "म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे खोटंच, पण इस्त्री केलेलं," बाई म्हणाल्या. जरा पुढे गेल्यावर थांबल्या. "तुझा व्हिसा कधीपर्यंत आहे गं?"

"प्रोजेक्टपर्यंत."

"आणि तुझं काय म्हणणं आहे?"

"मला नका ना विचारू, बाई."

"खरंय," त्या म्हणाल्या. "तुला विचारायलाच नको होतं." त्यानंतर लंडनला जाईपर्यंत त्यांनी विषय काढला नाही. मी मात्र घरी दोन बॅगा काढून ठेवल्या. राग आला होता. कुणाचा ते मला धड सांगता येईना. बाईंचा म्हणावा तर त्यांनी अजून काही केलंच नव्हतं, आणि त्या काय करणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

लंडनला लांबलचक टेबलामागे ट्रस्टची मंडळी बसली होती. मधे बसलेल्या पांढऱ्या भुवयांच्या गृहस्थांनी सुरुवातीलाच आमच्या आलेखाचं कौतुक केलं. म्हणाले, इतक्या वर्षांत शिकणं असं स्वच्छ मोजलेलं मी पाहिलं नाही. मार्गारेट प्रसन्न हसल्या. बाई उठून उभ्या राहिल्या.

"तो आकडा चुकीचा आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या भाषेतला एक शब्द माझ्याच घरात चुकला, त्याचा तो आकडा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कळणं, वळणं, गाडीतली वळणं, बॅडमिंटन. जांभळ्या फ्रॉकची मुलगी दाखवली. आणि शेवटी कालव्याच्या तळाशी गरागरा फिरणारा मिशीवाला दाखवून म्हणाल्या, "ही मी. तुमच्या आलेखात सगळ्यात वर आहे तो ठिपका." भुवयांचे गृहस्थ आधी लाल झाले, मग त्यांना खोकला आला, मग कळलं की ते हसतायत. टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे हसायला लागले. फक्त मी आणि मार्गारेट हसत नव्हतो.

हसू ओसरल्यावर भुवयांच्या गृहस्थांनी विचारलं, "मग सगळ्या मुलांचा खरा व्ही किती?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांच्या शेजारी आम्ही बसलो त्यांचं सांगते. बाकीच्यांचं माहीत नाही. बसावं लागेल."

येताना ट्रेनमध्ये मार्गारेट खिडकीबाहेर बघत होत्या आणि बाई मनापासून चीज सँडविच खात होत्या. माझं सँडविच कागदातच होतं. "खा गं," बाई म्हणाल्या. "उपाशीपोटी सगळंच वाईट दिसतं."

काही आठवड्यांनी उत्तर आलं. मोठ्या प्रोजेक्टला नकार. इतक्या गोड भाषेत की दोनदा वाचावा लागला. पण खाली एक परिच्छेद होता. शेजारी बसून बघण्याचं काम अर्धवट राहू नये अशी इच्छा आहे, त्यासाठी एक वर्ष, एका माणसाची नेमणूक करता येईल. नाव कळवावं.

एक माणूस. मी सरळ टेबल आवरायला घेतलं. रिकाम्या खोक्यात पुस्तकं भरली. बाईंशिवाय ते काम कोण करणार हा प्रश्न कुणाच्याच मनात नव्हता, माझ्याही नाही. मार्गारेट बाईंचं अभिनंदन करायला आल्या तेव्हा बाई कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होत्या.

"नाव मी सकाळीच कळवलं," त्या पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाल्या. "हिचं."

"पण मग तुम्ही?" मार्गारेट म्हणाल्या.

"मला घर आहे, पेन्शन आहे, ह्या देशाचा पासपोर्ट आहे. हिच्याकडे दोन बॅगा आहेत." त्यांनी एक पत्ता हलवला. "आणि तिला बसता येतं. मी बघितलंय."

मार्गारेट म्हणाल्या, "इंटरेस्टिंग." पण ह्या वेळी बहुधा तो नकार नव्हता, कारण त्यांनी नाक पुसलं. मी तर खोक्यावरच बसले आणि रडले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. ट्रेनमधून येताना ज्या बाईवर मनातल्या मनात इतकी चिडले होते, तिच्यासाठी. बाई म्हणाल्या, "पुरे. पुठ्ठा भिजेल."

त्या निवृत्त झाल्या. आणि पुढच्याच सोमवारी बिनपगारी मदतनीस म्हणून परत आल्या. फॉर्मवर देखरेख करणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहावं लागलं. तो फॉर्म भरताना त्यांना इतकं हसू येत होतं की सही वाकडी आली.

त्या वर्षाची पहिली शाळा शहराबाहेर होती. इतकी वर्षं शाळेच्या दारातून बाई पुढे आणि मी मागे, हातात पिशव्या, असाच क्रम होता. त्या दिवशी रिसेप्शनिस्टनं गळ्यातली ओळखपत्रं देताना विचारलं, "युनिव्हर्सिटीकडून कोण आलंय? मुख्य कोण?" मी सवयीनं बाजूला झाले. बाई माझ्याही मागे जाऊन उभ्या राहिल्या. हातात पिशव्या होत्या, माझ्या लक्षातच आलं नव्हतं त्यांनी कधी घेतल्या ते.

"अहो," त्या मला म्हणाल्या, "पुढे व्हा."

ज्या बाईंनी मला कधी 'अगं'शिवाय हाक मारली नाही, त्यांच्या तोंडून ते 'अहो' ऐकून माझा पाय उचलेना. काचेच्या दारापलीकडे वर्ग दिसत होता, मुलं आपापल्या खुर्चीवर चढत होती, आणि मी तशीच उभी.

तेव्हा पाठीत हळूच एक कोपर बसलं.

"अगं, हो की पुढे!"